सुवार्ताताईच्या वरची जागा

काल सकाळी मार्थाकाकूंना माती दिली.

नवऱ्याला लग्नाआधीचा एक मुलगा आहे, हे त्यांना नवरा गेल्यावर वर्षभरानं कळलं. त्यांनी त्या मुलाला वय विचारलं आणि जेवायला थांबवून घेतलं.

पोस्ट खरं तर इथंच संपते. पण थोडक्यात आटोपणं माझ्या स्वभावात नाही, हे तुम्ही जाणताच.

तेव्हा मी संस्कृतात एम.ए. करत होतो आणि छावणीत काकूंच्या, म्हणजे त्रिभुवनांच्या, घरामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो.

त्या घरात रोज संध्याकाळी जेवणाआधी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, असायचं. पाळीपाळीनं, एकेकानं एकेक वचन. बसायचं वयानुसार. आधी काकू, मग थोरली सुवार्ताताई, मग डॅनियल, मग आशा. सगळ्यात शेवटी, दाराजवळ, पाहुण्याची जागा.

ती माझी.

प्रार्थना चुकवून थेट ताटावर उगवायचा प्रयोग मी एकदा केला होता. काकू म्हणाल्या, "पंडित, आज भात उशिरा शिजणार आहे."

पुन्हा केला नाही.

आता आतली गोष्ट. उद्या कुठला अध्याय, ते आदल्या दिवशीच माहीत असायचं. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या वाट्याचं वचन मोजून, तेवढंच घोकून यायचा. माझं पाचवं, दहावं, पंधरावं. पाठशाळेत मी हेच केलं होतं. धर्म कुठलाही असो, विद्यार्थी एकच.

त्या संध्याकाळी दारात एक उंच माणूस उभा राहिला. डोक्यावर टोपी, हातात ओल्या आल्याची पिशवी. देवगाव रंगारीचा शेतकरी. नाव कारभारी.

आणि काकांचे कान.

काकांचे कान ज्यांनी पाहिले होते, त्यांना वेगळा पुरावा लागला नसता.

त्यानं उभ्यानंच सांगितलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर काका त्याच्या गावी शाळामास्तर होते. आईचं त्यांच्याशी जुळलं. धर्म आडवा आला. घरच्यांनी महिन्याभरात तिला गावातल्याच एका बिजवराला देऊन टाकलं. पंधरवड्यापूर्वी ती गेली, आणि जाताना हे सांगून गेली.

काकांना ठाऊक होतं का? ते विचारायला काका उरले नव्हते.

"मला काय नको, बाई. जमीन हाय, पोरंबाळं हायत. त्येन्ला एकदा बघायचं व्हतं."

काकूंनी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. त्यानं टोपी काढली आणि बघत राहिला.



मग काकूंनी विचारलं, "वय काय तुझं?"

"एक्केचाळीस."

काकूंच्या लग्नाला तेव्हा चाळिसावं लागलं होतं. हे गणित सुटताना मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. खांदे जरासे खाली आले, इतकंच.

"मग सुवार्ताच्या वर बस."

सुवार्ताताई अडतीस वर्षं थोरली होती. हे पद असं उभ्याउभ्या जातं, याची तिला कल्पना नव्हती. ती हळूच म्हणाली, "ममी, त्यांना पाहुण्यांच्या जागेवर बसव ना."

"तिथं पंडित बसलाय."

मी उठायला लागलो.

"तू बस रे."

मी बसलो.

ताई सरकली. तिच्यामागं डॅनियल, आशा आणि मी. सतरंजीवर प्रत्येक जण एकेक माणूस खाली आला.

अध्याय वंशावळीचा होता. नुसती नावं, एकाहून एक अवघड. काकूंनी पहिलं वचन वाचलं. कारभारीभाऊंनी बोट टेकवून, घरी पोथी वाचतात त्या चालीत, दुसरं वाचलं.

आणि घोळ सुरू झाला.

ताई दुसरं घोकून आलेली, वाट्याला तिसरं. डॅनियल तिसरं घोकून आलेला, वाट्याला चौथं. प्रत्येक जण नावांवर आपटला. मी तर सामासिक शब्द फोडण्यात स्वतःला कुणीतरी समजायचो. सहाव्या वचनात असा अडखळलो की आशाला हसू आवरेना.

न चुकता वाचणारा एकच. ज्यानं काही मोजलंच नव्हतं तो.

काकू म्हणाल्या, "बघा. हा वाचतो तर कळतं तरी. तुम्ही तार आल्यासारखं वाचता."

ताईसुद्धा हसली. मग आम्ही जेवलो. आल्याची चटणी काकूंनी लगोलग वाटली होती.

पुढं कधीतरी मी काकूंना विचारलं, तो लग्नानंतरचा निघाला असता तर?

"तरी बसवला असता. लेकरानं काय केलंय? जागा थोडी खाली मिळाली असती, एवढंच."

मग थांबून म्हणाल्या, "मी मात्र जेवले नसते."

कारभारीभाऊ हिंदूच राहिले. कुणी त्यांना वेगळं काही सुचवलं नाही. दर नाताळला आलं घेऊन यायचे, करंज्या घेऊन जायचे. त्यांच्या मुलीच्या लग्नात काकू आजीच्या मानानं पुढं बसल्या आणि व्यवस्थेतल्या चुका काढल्या. आशानं त्यांना दादा म्हणायला तीन मिनिटं घेतली. ताईनं तीन वर्षं.

काल संध्याकाळी सगळे पुन्हा त्याच खोलीत बसलो. काकूंची जागा मोकळी ठेवून. त्यांनी पानात खूण घातली होती, त्याच्या पुढचा अध्याय.

सुवार्ताताई आता बासष्टची आहे. ती म्हणाली, "दादा, तुम्ही सुरू करा."

भाऊंनी चष्मा लावला. पानावर बोट टेकवलं. आणि दुसरं वचन वाचायला लागले.

पहिलं काकूंचं.

कुणी दुरुस्त केलं नाही. ताईनं तिसरं वाचलं, डॅनियलनं चौथं, आशानं पाचवं, मी सहावं.

कुणीही अडखळलं नाही.

या आता, काकू.

पाहुण्याच्या जागेवरून पंडिताचा नमस्कार.