मदरबोर्डला लागलेली मोकळी हवा

"भाऊ, डबा मरी गया! सहाले मन्ही पोरनी मॅच शे अन् डबा मरी गया!"

आबा माझ्या दुकानाच्या पायरीवरून ओरडत होते. आवाज असा, की नंदुरबारात हाक मारली तर विसरवाडी फाट्यावरचा ट्रक ब्रेक मारतो. मागे त्यांची मुलगी वैशाली, सीपीयू तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून. ती कॉलेजच्या गेमिंग टीमची कॅप्टन. आज खेळली नाही तर टीम बाद. शिवाय मशीन घेताना आबांची अट होती, डबा मधेच बंद पडला तर गेमही कायमचा बंद.

असेंबल्ड कॉम्प्युटर बांधणं हा माझा धंदा. हे मशीन मीच बांधलेलं. मदरबोर्ड निवडताना तर आम्हा तिघांचं महायुद्ध झालं होतं. मदरबोर्ड म्हणजे विसरवाडीचा फाटाच समजा. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळी वाहतूक तिथूनच. वैशालीला सात रंगांत लुकलुकणारा बोर्ड हवा होता.

"लाइट कसाले?" आबा म्हणाले. "घरमा ट्यूब शे ना!"

मी आबांच्या बाजूचा. प्रोसेसरला वीज मोजून देणारं सर्किट बोर्डावरच असतं. गेम खेळताना ते तव्यासारखं तापतं. त्यावर जाड हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे ठोकळे असलेला, काळाकुट्ट, रेड्यासारखा बोर्ड मी दिला. देताना एवढंच बजावलं, "आबा, याले मोकळी हवा लागस."

तेच वाक्य अंगावर आलं.

सीपीयूचं झाकण काढलं आणि मी जी पहिली शिंक दिली, तिने भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर गेलं. आत मिरची! पंख्यात मिरची, हीटसिंकच्या फटीत मिरची. एका लग्नाची भाजी झाली असती.

"आबा, हाई ठेयेल कोठे व्हतं?"

"पथारीकडनी खिडकीमा. तूच तं सांगेल व्हतं, मोकळी हवा! तितली हवा आख्खा नंदुरबारमा नई."

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. आबांची पथारी घराला लागूनच. मी डोळे पुसत होतो. आबा मात्र उघड्या सीपीयूत नाक घालून शांतपणे बघत होते.

"आबा, तुम्हाले शिंक नई येत?"

"कसानी?"

ब्लोअर लावला. लाल ढग गल्लीत गेला. समोरचा भजीवाला हुंदके देत बाहेर आला, तर त्याचं सांत्वन करायला चार माणसं जमली. तीही रडायला लागली.

"दादा, बोर्ड जळना का?" वैशालीचा आवाज बारीक झाला होता.

मीही श्वास धरूनच बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन उजळली. बोर्ड जळला नव्हता. फटी बुजल्यावर तापमान हाताबाहेर गेलं, तेव्हा त्याने स्वतःला बंद करून घेतलं होतं. त्या काळ्या रेड्याला मी मनोमन हात जोडले.

घरी जायला वेळ नव्हता. पोर माझ्याच काउंटरवर खेळली. आबांना कोण कुणाचा ते कळत नव्हतं, ते दोन्ही टीमना "मार! मार!" म्हणत होते. वैशालीची टीम जिंकली. आबांनी मला अशी मिठी मारली, की बरगड्या अजून पावसाळ्यात बोलतात. दुसऱ्या गिऱ्हाइकाने तोच सीपीयू माझ्या डोक्यात घातला असता. या माणसाने सगळ्या पथारीवाल्यांना माझं दुकान दाखवलं. आज मी खातो त्या भाकरीत आबांच्या मिरचीचा वाटा आहे.

तेव्हापासून बोर्ड विकताना मी हीटसिंक दाखवतो, आणि हवा कुठली तेही सांगतो.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी फोन केला होता. "आबा, आते डबा कोठे ठेवा?"

"देवघरमा. तठे धूळ येत नई."

"अन् देव?"

"खिडकीमा. त्यासले मिरचीनी सवय शे."