भोंगा सरांचं ना-देय

"अहो सर, सही तुमचीच, कागद तुमचाच, अडवून कोणाले राहिले तुमी?" प्राचार्य ओरडत होते, हेडक्लार्क ओरडत होता आणि कोणी मागे राहू नये म्हणून मीही ओरडत होतो. आमचे ग्रंथपाल भोंगा सर निवृत्तीचा हार गळ्यात घालून ढिम्म बसले होते. त्यांच्याकडे ग्रंथालयाचं काही बाकी नाही, एवढं ना-देय प्रमाणपत्र ग्रंथपालांनी द्यायचं. त्याशिवाय पेन्शनचे कागद हलत नाहीत. आणि ग्रंथपाल तर हेच!

"माह्याकडे एक पुस्तक बाकी हाये," सर म्हणाले.

भोंगा हे नाव पोरांनी ठेवलेलं. अमरावतीच्या आमच्या वाचनकक्षात सर "शांतता" म्हणाले, की रस्त्यावरची एसटी करकचून थांबायची आणि कंडक्टर खिडकीतून हात जोडायचा. हा आवाज वाया जाऊ नये म्हणून सरांनी नाटकं लिहिली, आणि ती दुसऱ्यानं बिघडवू नयेत म्हणून मुख्य भूमिकाही स्वतःच केल्या. तालमी पुस्तकांच्या कपाटांमागे. पोरं अभ्यासाला बसली की मागं कोणाचा तरी खून व्हायचा, आणि वर "गडबड कोण करून राहिलं?" म्हणून पोरांनाच दम.

रंगमंचावर खोटी वस्तू त्यांना चालत नसे. अकोल्याच्या नाट्यस्पर्धेत ते नाटकात न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांच्या नाटकांचं सामान सांभाळणाऱ्या मी रात्रंदिवस खपून पुठ्ठ्याचा कायदेग्रंथ बनवला. सरांनी तो हातात तोलला. "वजन नाही. पाह्यणाऱ्याले समजते." मग स्वतःच्या कार्डावर त्यांनी कापसाच्या किडींवरचा विटेएवढा जाड ग्रंथ काढला. शेवटच्या अंकात संतापून तो टेबलावर आपटायचा होता. सर एवढे रंगले की ग्रंथ टेबल ओलांडून थेट प्रेक्षकांत गेला. टाळ्या कडाडल्या, पडदा पडला, ग्रंथ गायब. कोणी प्रसाद समजून नेला, देव जाणे. तिकडे अभिनयाच्या बक्षिसासाठी सरांचं नाव पुकारलं जात होतं आणि सर खुर्च्यांखाली रांगत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याची जठारपेठ दुकानागणिक पालथी घातली. ग्रंथ नाहीच.

दुसरी प्रत द्यावी, तर नियम सरांचाच: हरवलं त्याच आवृत्तीचं पुस्तक आणा. या नियमापायी पोरं इतकी रडली होती की वाचनकक्षाच्या भिंतींना ओल आली. मी नवी आवृत्ती मिळवून नेली. सरांनी चाळली आणि परत केली. "याच्यात किडी जास्त हायेत."

शेवटी प्राचार्यांना सुचलं. सरांनी पदभार सोडला की ग्रंथपाल नाझिया, सरांच्याच हाताखाली तयार झालेली. सकाळच्या निरोपसमारंभात तिनं रडून दोन भाषणं बुडवली होती. ती कशाला अडवते? संध्याकाळी पदभाराच्या सह्या झाल्या आणि आम्ही सरांना जवळजवळ उचलूनच तिच्या टेबलाशी उभं केलं.

नाझियानं उठून नमस्कार केला. बसली. कॉम्प्युटरवर सरांचं नाव टाकलं. बराच वेळ पडद्याकडे बघितलं, ओढणीनं डोळे पुसले आणि कागद कोराच पुढं सरकवला.

"पुस्तक आणा, सर. तीच आवृत्ती."

जिन्यावर मी पुन्हा सुरू झालो. पेन्शन लटकली, घर काय नाटकांवर चालवणार, वहिनींना काय सांगणार, आणि जिला तुम्ही बोट धरून शिकवलं तिनंच तुम्हाला...

सरांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला.

"शिकली पोरगी," म्हणाले.