कबड्डीच्या मैदानावरचं गाऱ्हाणं

परवा शनिवारी कुडाळला मुलींची जिल्ह्याची कबड्डी होती. सकाळीच आमच्या कट्टा गावाहून टेम्पो निघाला... पुढे ड्रायव्हरशेजारी खेळाच्या बाई, मागे आमच्या शाळेची अख्खी टीम, आणि मुलींच्या बॅगांच्या ढिगात मी. माझं पद काय, तर 'मेंटल कोच'. हसू नका.

कॉलेजात सायकॉलॉजी घेतलं होतं, एवढ्याच भांडवलावर बाईंनी मला धरलं. कारण होतं सायली, माझी मामेबहीण.

सायली म्हणजे टीममधली सगळ्यात चपळ चढाई करणारी. पण गेल्या वर्षी तालुक्याच्या फायनलला शेवटच्या चढाईत तिचा पाय बाजूच्या रेषेवर पडला, आणि मॅच गेली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, वर गमतीचं म्युझिक लावून. मग बाजारातून जाताना पोरं ओरडायला लागली, "सांभाळ गो, फुडे रेष आसा!"

तेव्हापासून ती चढाईला जातच नाही. कोपरा धरून पकडी करते. बाईंनी जा म्हटलं की हिचा घोटा दुखायला लागतो. यंदा आम्ही तालुका जिंकलो तोही तिच्या चढाईशिवाय... आणि शुक्रवारी तिने मामीला सांगून टाकलं होतं, कुडाळ झालं की कबड्डी बंद.

मी माझ्या परीने सगळं केलं होतं. प्रॅक्टिस संपली की मुलींना गोल बसवायचं, श्वास मोजायला लावायचा. डोळे मिटा, स्वतःला मस्त चढाई करताना बघा... अर्ध्या जणी खिदळायच्या, एक तर चक्क झोपायची.

सायली एकदा घरी मला म्हणाली होती, "दादा, डोळे मिटलंय की माका तीच रेष दिसता."



तर कुडाळचं मैदान. आमची मॅच पुढची होती, समोर वॉर्म-अप करणाऱ्या मुली आमच्यापेक्षा हातभर उंच वाटत होत्या. बाई म्हणाल्या, "सायली, आज पहिली चढाई तुझी." ती खाली बघत पुटपुटली, "माका जमाचा नाय बाई."

मी तोंड उघडलं, "सगळ्यांनी एक दीर्घ श्वास..." आणि कॅप्टन तन्वीने माझ्या डोक्यावरची कॅप काढून स्वतःच्या डोक्यावर चढवली. माझी पाण्याची बाटली घेऊन मध्यभागी उभी केली, नारळासारखी. म्हणाली, "आता गाऱ्हाणा घालूया."

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवासमोर नारळ ठेवून मोठ्याने मागणं मागतात, ते गाऱ्हाणं. एकजण बोलतो आणि प्रत्येक मागणीला बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" बोलणारे बहुतेक पुरुषच. तन्वीचे बाबा गावात गाऱ्हाणं घालतात, त्यामुळे हिला ते तोंडपाठ.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा कुडाळाक कबड्डी खेळूक इलेली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"समोरच्या बायो उंच आसत, तेंचे हात आमच्या पायापर्यंत पोचाक देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या दादाक आमका डोळे मिटूक सांगूची खोड लागली हा, ती सुटांदे रे म्हाराजा!"

हे 'व्हय म्हाराजा' सगळ्यात मोठं होतं. त्यात बाईंचाही आवाज होता, मी ऐकलाय.

मग तन्वी नेहमीच्या ओळीवर आली, जी प्रत्येक गाऱ्हाण्यात येतेच. "लेकरांचा काय चुकला-माकला असात तर..." आणि तिला मध्येच तोडून सायली बोलली.

"माझो पाय परत रेषेर पडलो तर..."

वर्षभरात तिने 'रेष' हा शब्द मैदानावर पहिल्यांदाच उच्चारला होता. कुणी हसलं नाही. मला वाटलं, आता रडणार.

"...तर पडांदे. पण फुडची चढाई माकाच मिळांदे, रे म्हाराजा."

मग असं 'व्हय म्हाराजा' झालं की पलीकडच्या मैदानावरचे पंच वळून बघायला लागले.

पहिल्या चढाईला सायली गेली. जाण्याआधी तिने एक लांब श्वास घेतला... तो माझ्याकडून शिकली असं मी मनाशी मानून टाकलंय, कृपया वाद घालू नका. गेली, आणि लगेच पकडली गेली.

बाहेर बसली, गुडघ्यावरची माती झटकली. तन्वीने पकड केली तशी ती परत आत आली. आणि कुणी काही सांगायच्या आत स्वतःच मध्यरेषा ओलांडून निघाली! एकीला हात लावून परत... रेषेच्या अगदी कडेने.

ती मॅच आम्ही जिंकलो. पुढची हरलो, चांगलेच हरलो. त्यातही शेवटच्या चढाया सायलीच्याच होत्या, आणि एकदा पाय रेषेबाहेर गेलासुद्धा. पंचांची शिट्टी वाजली, ती गुपचूप बाहेर जाऊन बसली, आणि पाळी आल्यावर परत उठली.

हरल्यावर मी तिच्यापाशी गेलो, चार शब्द जुळवत. तिला त्यांची गरजच नव्हती. घोटभर पाणी पिऊन म्हणाली, "दादा, तेंची ती डावीकडची कोपऱ्यातली बघितलंस? डायरेक घोट्याक धरता. फुडल्या वर्षी तिका कशी चुकवूची ता मी बघतंय."

फुडल्या वर्षी! मी मामीला तिथूनच फोन लावला.

चूक होऊच नये असं मागणारी पोरं मी खूप पाहिली, मीही त्यातलाच. चुकीनंतरची संधी मागायची असते, हे या पोरीने मला भर उन्हात ऐकवलं. सायली, थँक्यू गो.