गाळलेली वर्षं

काल ताडकळसच्या बाजारात तुरीच्या उघड्या पोत्यांचा तो कोरडा, धुळकट वास आला आणि विद्यापीठातल्या आमच्या विभागातली एक दुपार आठवली. सरकारी खरेदी केंद्र नसलं तर तुरीचा भाव किती पडेल, याचा अंदाज देणारं मॉडेल मी तयार केलं होतं. केंद्र ठेवायचं की बंद करायचं, हे त्यावरून ठरणार होतं. कूलरच्या घरघरीत आमच्या प्रमुखांनी आलेख पाहिला. "मॅडम, भाव कोसळल्याची वर्षं अपवाद हायेत. ती गाळा, मॉडेल आकड्यांवर लय छान बसंल." मी तिथंच गाळून पाहिली. मॉडेल खरंच छान बसलं, आणि केंद्राची गरजच नाही असं सांगू लागलं. "सर, केंद्र लागतं ते त्याच वर्षांत. या आकड्यांवर मी सही करणार नाही." "मग अहवालात तुमचं नाव राहायचं न्हाई." "नका ठेवू," म्हणून मी उठले. अहवाल माझ्या नावाशिवाय गेला. केंद्र बंद झालं. आता वर्गात शिकवताना ते मॉडेल मी दोन्ही तऱ्हेनं फळ्यावर मांडते, आणि ती वर्षं कोणी गाळायला लावली, हेही मुलांना सांगते.