आभाळबाईचा मुखवटा

माझ्या शाळेतल्या एस्तेरबाई आज पहाटे गेल्या, आणि पन्नास वर्षांपूर्वीची भीती पुन्हा आली.

रडू नंतर आलं.

फोन आला तेव्हा नातू शेजारी बसून मोबाईलवर भांडत होता. कॉमिकमधला सुपरहिरो गोरा, आणि पिक्चरमध्ये रोल काळ्या नटाला दिलाय, म्हणून कमेंट्समध्ये नुसता धुरळा.

"आजी, तुला काय वाटतं? हे कास्टिंग बरोबर आहे?"

मला विचारतोय! अरे, तसलं कास्टिंग माझंच झालं होतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. अकोले तालुक्यातलं आमचं गाव. मी पाचवीत. आमची घरं ओढ्यापलीकडे, बौद्ध होऊन देव सोडलेल्यांची. गावच्या विहिरीवर आम्हाला अजून वरूनच पाणी वाढायचे.

एस्तेरबाई नगरहून बदलून आलेल्या. तेवीस वर्षांच्या, ख्रिश्चन, एकट्या. मिशनच्या पार्सलमधून जुन्या कपड्यांत गुंडाळलेलं एक रंगीत इंग्रजी कॉमिक त्यांना मिळालं होतं. त्यात गोरीपान, सोनेरी केसांची एक बाई आभाळातून उडी मारून लोकांना वाचवायची.

बाईंनी गॅदरिंगसाठी तिचं मराठी नाटक केलं. नाव ठेवलं आभाळबाई.

सगळ्यांना वाटलं, रोल पाटलांच्या शालनला. ती गोरी होती.

बाई म्हणाल्या, "उडी सगळ्यात उंच सुमीची. सुमी करेल."

हेडमास्तर हादरले. "अहो बाई, चित्रातली गोरी हाय. ही कोळसा. त्यात ओढ्यापल्याडची. गाव माझी शाळा बंद करंल."

शेवटी तोड निघाली. पोरीचं तोंड दिसता कामा नये.

शिपायानं देवळामागच्या पडवीतून तडा गेलेला एक जुना मुखवटा आणून दिला. बाईंनी कॉमिक समोर धरून तो गुलाबी रंगवला. वर सुतळीचे सोनेरी केस. माझे हात मात्र त्यांनी होते तसेच ठेवले.

मुखवटा कुणाचा होता, हे ना बाईंना माहीत, ना मला.

इथे आमच्याकडचं एक सांगते. आमच्या डोंगराळ भागात बोहाडा होतो, मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवतात. ज्याच्या तोंडावर मुखवटा, तो तेवढा वेळ देवच. माणसं त्याच्या पाया पडतात.

गॅदरिंगच्या दुपारी मी शाळेच्या कौलावरून स्टेजवर उडी मारली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मोठ्यांत मात्र कुजबुज सुरू झाली.

पुढच्या रांगेतून पाटलांची म्हातारी आई उठली. स्टेजवर आली, मुखवट्यावरच्या तड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बोहाड्यातली माझी देवीआई गं! कितीबी रंग फासा, म्या वळकते तुला."

आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

माझ्या. ओढ्यापलीकडच्या दगडूच्या सुमीच्या.

तिच्यामागे आणखी चार बायका आल्या. मला ओरडून सांगायचं होतं, मी देवी नाही हो. सांगायला लाज कसली, माझी चड्डी ओली झाली.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आगं आजे, ती दगडूची सुमी हाय!"

म्हातारीचे हात अजून माझ्या पायांवर होते.

पाटलांचा थोरला मुलगा उठला. "काढ तो मुखवटा."

मी हात वर नेला. बाईंनी तो धरला आणि कानाशी आल्या.

"काढू नकोस. काही झालं तरी काढू नकोस."

"बाई, मला लई भ्या वाटतंय."

"मलाही. चल."

आम्ही निघालो. शाळेपासून ओढ्यापर्यंत सगळं गाव दुतर्फा. मुखवट्याच्या दोन भोकांतून मला फक्त माणसांचे हात दिसत होते. काही जोडलेले, काहींत दगड. बाईंचा हात घामानं इतका ओला की दोनदा निसटला.

एकानं दगड उगारला. मागून म्हातारीचा आवाज आला.

"मुखवट्यावर दगड टाकतूस? निर्वंश हुईल मेल्या."

दगड खाली पडल्याचा आवाज मी ऐकला. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

घरी माझे वडील, आबा, दारातच होते. मुखवटा बघून म्हणाले, "सुमे, आपुन देव सोडल्यात ना?" मग त्यांनी ओढ्यापलीकडची गर्दी बघितली आणि आम्हाला आत ओढून कडी लावली.

बाईंनी माझा मुखवटा काढला, कोपऱ्यात गेल्या आणि भडाभडा ओकल्या. त्या एवढ्या घाबरल्या असतील, असं मला वाटेत वाटलंच नव्हतं.

आठवड्यात त्यांची बदली झाली. जाताना मुखवटा माझ्याकडेच ठेवून गेल्या. "असू दे जवळ."

सातवी होईपर्यंत मी तो रोज दप्तरातून शाळेत नेला. एकदाही घालावा लागला नाही. पण ओढा ओलांडताना रोज हात दप्तरात असायचा.

पुढे मी नर्स झाले, नगरला आले, बाईंच्या घरी जाऊ लागले. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही.

आज दफनाला जाताना मुखवटा पिशवीत घेतला होता. पेटीपाशी पोचले, तेव्हा तिथे सगळी अनोळखी माणसं. पुन्हा तीच पाचवीतली सुमी झाले, हात पिशवीत गेला.

पिशवी नातवाकडे दिली.

बाई, आज उघड्या तोंडानं तुमच्या पाया पडले. भीती वाटत होती, हात धरायला तुम्हीही नव्हतात, तरी एकटीच चालत आले.

येते बाई.

तुमची सुमी