पहिलीचे माप

बाळीवेशीच्या आतल्या गल्लीत दुर्गा शिंपीण राहायची. तिचा नवरा रावजी पेठेतल्या दुकानात बसून कोट आणि बंड्या शिवी. बायकांचे कापड मात्र घरी, दुर्गेकडे येई. एकोणीसशे तीस सालाच्या आसपास तिकडे बाईच्या अंगाला फीत लावायची रीत नव्हती, शिवणारी बाई असली तरी. नवा खण आणि सोबत अंगाला बसणारी एक जुनी चोळी पाठवायची, बस्स. ती मापाची चोळी. दुर्गा ती पाटावर पसरे, वितीने आणि बोटांनी मोजी आणि तशीच नवी बेते. कित्येक गिऱ्हाइकांचे तोंड तिने कधी पाहिले नव्हते, पण त्यांच्या पाठी तिला ओळखीच्या होत्या. ‘औंदा जरा सैल असू दे’ असा निरोप आला की कोणाला दिवस गेले आहेत ते तिला शेजारणींच्या आधी कळे.

तिच्या हाताची चोळी परत येत नसे. गोजरबाईची मात्र आली.

गोजरबाई ही गिरणीत कामगारांवर मुकादम असलेल्या रामहरी जॉबरची बायको. घर मूळचे करकंबचे. खण घेऊन यायची ती तिची सासू, बजाबाई, आणि मापाला आणायची एक अंजिरी चोळी, धुऊन धुऊन मऊ पडलेली, अंगाने अगदी बारीक. दुर्गेने त्या मापाची चोळी शिवून दिली. ती परत आली, काखेत धरते म्हणून. दुर्गेने काखेत तुकडा घातला. पुन्हा आली, दंडात चढत नाही म्हणून. दुर्गेने नवी आणि जुनी एकमेकींवर ठेवून पाहिली, तर शिवणीवर शिवण पडत होती. रावजीकडून फितीने मोजून घेतली. त्याने दोन्ही चोळ्या खाली ठेवल्या आणि काही गिऱ्हाइकांना भांडायला निमित्तच लागते, असे सांगून तो जेवायला बसला.

पुढच्या खेपेला दुर्गेने चोळी सगळीकडून दोन-दोन बोटे वाढवली. गळा, खांदे, पाठ, काही सोडले नाही. तीही परत आली तेव्हा बजाबाईचा निरोप असा होता की गळ्यात उतरते आणि काखेत अजून धरते. एकच चोळी एकाच अंगाला सैलही होते आणि घट्टही होते, हे दुर्गेला उमगेना. ती आपल्या वितीवर संशय घेऊ लागली. हात म्हातारे झाल्यावर वीत आखडते का, असे तिने रावजीला विचारले. तो हसला, पण त्याच आठवड्यात तिने एका जुन्या गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

सूनबाईंना एकदा घेऊन या, असे तिने बजाबाईला सुचवून पाहिले होते. बजाबाईने ते कानावर पडले नाही असे दाखवून पापडांचा विषय काढला.

वैशाखात बजाबाई पुन्हा आली. या वेळी खण हिरवा होता, गोजरबाईच्या माहेरचा, बार्शीचा. तिच्या धाकट्या भावाचे लग्न निघाले होते आणि तीच करवली होती. सगळ्या मांडवादेखत हातात कऱ्हा घेऊन नवरदेवामागे उभे राहायचे होते. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण उचलताना तिची चोळी काखेत उसवली होती आणि कोणीतरी हसले होते. तेव्हापासून ती दोन्ही दंडांवर पदर लपेटून बसे.

“जायाचंच न्हाय म्हनती,” बजाबाई म्हणाली. “भावाच्या लग्नाला न्हाय गेली तर तिच्या माहेरात मी काय तोंड दाखवू?”

दुर्गेने खण घेतला, अंजिरी चोळी घेतली आणि ती बजाबाईच्या मागोमाग निघाली. बजाबाई मागे न पाहता चालत राहिली.

सोप्यात एक बाई तांदूळ निवडत बसली होती. भरलेले दंड, रुंद पाठ, गोल प्रसन्न चेहरा. आपण चुकून दुसऱ्याच घरात शिरलो, असे दुर्गेला वाटले. तिने हातातल्या चोळीकडे पाहिले, मग बाईकडे, मग पुन्हा चोळीकडे.

“ती माज्या सवतीची हाय,” गोजरबाई म्हणाली.

चंद्रभागा ही रामहरीची पहिली बायको. ती गेली आणि वर्षभरात गोजरबाई या घरात आली. दुसरेपणावर आलेल्या सगळ्या बायकांसारखा तिच्याही गळ्यात पहिलीचा टाक होता, तिच्या नावाने घडवलेली चांदीची छोटी प्रतिमा. नवे वस्त्र आधी त्या टाकापुढे ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे आणि मग अंगाला लावायचे. इतके तर घरोघरी होते. बजाबाई एक पाऊल पुढे गेली होती. चोळी आधी चंद्रभागेची, तर माप तिचे नको का? गोजरबाईचे पहिले मूल जगले नाही तेव्हापासून तर, पहिली रुसली असे धरून, बजाबाई ती मापाची चोळी हातची सोडीना. तिला यात वावगे काही दिसत नव्हते. शिवणारीनेच ते कसे ना कसे जमवायचे, अशी तिची समजूत होती.

“पानात आधी तिचा घास काडते, मग माजं जेवते, आनि तिचा बी पुन्ना मीच खाते,” गोजरबाई तांदळातून मान वर न करता म्हणाली. “दोगींचं खाल्ल्यावर अंग दोगींचं व्हनारच की, आत्याबाई.”

बजाबाईने तोंडाला पदर लावला. हसू लपवायला की राग, ते दुर्गेला कळले नाही.

दुर्गेने कंबरेला खोवलेला मापाचा दोरा काढला. गोजरबाईच्या अंगाला आजवर असा दोरा लागलेला नव्हता. ती उभी राहिली आणि तिने श्वास ओढून धरला. दुर्गा थांबून राहिली.

“सोडा की श्वास. चोळी घालून जेवायचं बी हाय तुमाला.”

मग तिने मोजले. दंड, काख, छातीखालचा घेर, गाठ मारायची टोके, सगळे अंजिरी चोळीच्या कितीतरी पुढे गेले. पण या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंतचा दोरा चोळीवर ठेवला तेव्हा तो तंतोतंत तेवढाच भरला. गळाही तेवढाच. दुर्गेने पुन्हा मोजले. अंग चहूकडून सारखे वाढत नाही, खांद्याची हाडे असतात तिथेच असतात. म्हणून सगळीकडून वाढवलेली चोळी गळ्यात उतरत होती.

“मावशी,” ती बजाबाईला म्हणाली, “खांदे पैलीचेच ऱ्हातील. गळा बी. बाकीचं हिचं घेते.”

बजाबाईने अंजिरी चोळी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

“म्हंजी चोळी कुनाची?”

“मला बी कळंना. पर बसंल.”

एका खणात ती होण्यासारखी नव्हती. पेठेतून दुसरा आणला, तो जरा उजळ हिरवा निघाला. तो तिने काखेत आणि कुशीत घातला, बाहीच्या आत लपेल असा. खांदे अंजिरी चोळीवर ठेवून बेतले. कापताना तिचा हात दोनदा थांबला, कारण आपण कोणाचे कापड कापतो आहोत याचा तिला खरोखरच अंदाज लागत नव्हता.

चोळी ती स्वतः घेऊन गेली. बजाबाईने सुनेच्या गळ्यातला टाक काढून पाटावर ठेवला, चोळी त्यापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिले आणि ती काहीतरी पुटपुटली. गोजरबाई आत जाऊन घालून आली. दुर्गेने तिला हात वर करायला सांगितले. तिने भीत भीत एक हात उचलला, मग दुसरा. शिवण बोलली नाही. तिने फळीवरचा तांब्या काढला, पुन्हा ठेवला आणि पुन्हा काढायला दोन्ही हात वर नेले.

“उद्याच्या गाडीनं जाते की मी,” ती म्हणाली.

बजाबाई पुढे आली. गोजरबाईच्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत तिने सावकाश हात फिरवला, अंधारात ओळख पटवावी तसा, आणि तिचे डोळे भरून आले. कोणासाठी, हे दुर्गेला विचारवले नाही. गोजरबाईलाही ते कळले नसावे. सासूचा हात खांद्यावर होता तोवर तिने आपले हात तसेच वर धरले होते, खाली घ्यावेत की नाही, हे न समजून.