धोंड्याच्या महिन्यातली सायकल

अधिक महिन्यात मी सासुरवाडीला सायकलवर गेलो.

एवढं वाचूनच आमच्याकडची मंडळी हसायला लागली असतील. बाकीच्यांसाठी सांगतो. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला ओवाळायचं, कपाळावर कुंकू-अक्षता लावायच्या आणि पुरणाचे धोंडे तुपात बुडवून तो ‘नको’ म्हणेपर्यंत वाढायचे. (‘नको’ म्हटल्यावरही वाढतात. नारायणाचं ऐकतो कोण?)

सायकल मी पोट कमी करायला घेतली होती. बेत झकास होता. लोणारहून निघायचं, दोन्हीकडचं हिरवंगार सोयाबीन बघत, फोटो काढत टेकडीवरचं जुनं मेहकर गाठायचं, बालाजीचं दर्शन, कंचनीचा महाल, आणि मग सासूबाईंच्या हातचे धोंडे! बायको, म्हणजे मंदा, आदल्या दिवशीच एसटीनं माहेरी पोचली होती. सकाळीच तिचा फोन.

“पोटात काही टाकू नोका! मागच्या अधिकात तुम्ही एका धोंड्यावर उठले. माय अजून म्हणते, माझ्या हातची चव गेली. या खेपेला ताट साफ झालं नाही, तं ती जवायासाठी कढई चढवणार नाही, सांगून ठेवते!”

“अगं, एवढी सायकल हाणून आल्यावर ताटच काय, पाटसुद्धा खाईन!”

सुलतानपूरला पाणी प्यायला थांबलो. समोरच्या दारात मंदाची मावशी!

“अगं माय, जवाईबुवा! सायकलवर? अन् अर्ध्या चड्डीत?”

तिनं आधी माझ्या गुडघ्यांवर टॉवेल टाकला, मग पाय धुतले, मग कुंकू लावलं.

“मावशी, मेहकरला जेवायचंय हो.”

“मंग तिथं तिथलं जेवजा! नारायण दारावरून उपाशी गेला, तं पाप कोणाले लागन?”

धोंडे पोटात गेले. निघताना मावशी कानाशी आली. “आमच्या ताईले सांगू नोका. जित्ती ठेवणार नाही मले.”

ताईला तिनंही सांगितलं नाही. फक्त पुढच्या फाट्यावर राहणाऱ्या मंदाच्या आत्याला फोन केला! इतकी वर्षं हे सगळे नातेवाईक मला एसटीच्या खिडकीत बसून जाताना बघत होते आणि हळहळत होते. एसटी अडवता येत नाही. सायकल येते!

आत्या रस्त्याच्या मधोमध उभी होती. हातात पेटलेलं निरांजन. त्याला वळसा घालून जाईल असा जावई अजून जन्माला यायचाय. पुन्हा कुंकू, पुन्हा अक्षता, पुन्हा धोंडे, आणि पुन्हा “वहिनीले सांगू नोका.” शिवाय पुढे मेहकरच्या चढाच्या पायथ्याशी राहणाऱ्या काकूला फोन. तिथंही तेच.

मग आला चढ. सायकलचे सगळे गिअर वापरून झाले. पोटाला गिअर नसतो. शेवटी उतरलो. मी सायकलला ढकलतोय की सायकलीच्या आधारानं उभा आहे, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. घाम तर असा, की पैनगंगेला पूर यावा.

सासूबाई ओवाळायला दारातच होत्या. मी हेल्मेट काढलं आणि त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं.

“अगं माय वो! जवायाचं डोकं फुटलं!”

तीन घरचं कुंकू घामात विरघळून भुवयांतून नाकावर आणि नाकावरून हनुवटीवर उतरलं होतं. गल्ली गोळा झाली. “फटफटीवाल्यानं उडवलं काय?” “गाडी बोलवा बे कोणी!” मी खरं सांगणारच होतो (अगदी जिभेवर आलं होतं), तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या,

“आता जड काही देऊ नोका त्याहिले. मुगाची मऊ खिचडी टाकते, वाटीभर.”

वाटीभर खिचडी! मी तिथंच ओट्यावर आडवा झालो आणि डोळे मिटले.

“हो... जरासा पडलो...” मी कण्हलो. चांगलं जमलं. एका म्हातारीनं तर पदर डोळ्याला लावला.

मंदा ओलं फडकं घेऊन आली. कपाळ पुसता पुसता थांबली. भुवईतून चिमटीनं काहीतरी काढलं.

“अहो, तुमच्या रक्तात तांदूळ काऊन निघून राह्यले?”

गल्ली आणखी पुढे सरकली. मंदा वाकली आणि तिनं माझी मिशी हुंगली.

“अन् मिशीले तूप?”

“मावशी,” मी डोळे न उघडता म्हणालो. “आणि आत्या. आणि... काकू.”

“म्हंजे तिघींच्या घरी धोंडे,” सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला, “अन् माझ्या घरी खिचडी?”

गाडीखाली आलो असतो तर इतकं लागलं नसतं. मी उठून बसलो. “वाढा!” म्हणालो.

आणि खाल्ले. सगळे. ताट असं साफ, की घासायची गरज नाही. कसे खाल्ले ते त्या चड्डीच्या इलॅस्टिकलाच ठाऊक. बिचारं पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही. पण सासूबाईंचा चेहरा निरांजनासारखा उजळला. पुढच्या अधिकात कढई चढणार, हे नक्की झालं.

मी भिंतीला टेकलो होतो, श्वास बेतानं घेत. सासूबाईंना अजून चुटपुट होतीच.

“पण जवाईबुवा, खरंच डोक्याले काही लागलं नाही नं?”

मी आल्यापासून खाटेवर बसून सुपारी कातरणारे सासरे तेव्हा पहिल्यांदा बोलले.

“डोकं असतं, तं एसटीनं आले असते.”